विहिणीचं नाही आणि माझं इटालियन

विहिणीचे ओठ भाजलेल्या वांग्यासारखे फुगले होते आणि ती मला अगदी नीट, पूर्ण वाक्यात सांगत होती, की तिला श्वास घेता येत नाही. "नॉन रिएस्को आ रेस्पिरारे." वाक्यात सगळं जागच्या जागी होतं. आधी नकार, मग जमणं, मग श्वास. मला शब्द न् शब्द कळला. शेतात जमलेल्या बायकांत इटालियन कळणारी मी एकटीच, आणि सगळं कळून मी तिच्यासमोर हातात झारा घेऊन उभी होते.

विहीण म्हणजे माझ्या धाकट्या मुलाची सासू. मुलगा इटलीत यंत्रांच्या कारखान्यात नोकरीला आहे, त्यानं तिथलीच मुलगी केली. त्या हिवाळ्यात तो, सून आणि सुनेची आई अशी तिघं आमच्या गावी आली होती. या विहिणीला शेंगदाणे चालत नाहीत. आमच्या नणंदेला वांगी चालत नाहीत, म्हणजे ती तोंड वाकडं करून दोनदा घेते, तसलं हे नव्हे. एक दाणा पोटात गेला तर हिचा गळा सुजून बंद होतो. त्यासाठी तिच्या पिशवीत औषध भरलेली सुई असते, ती मांडीत टोचायची. पिशवी होती गाडीत, आणि गाडी घेऊन मुलगा आणि सून जिलेबी आणायला गेली होती.

हे इथपर्यंत कसं आलं ते सांगते. नंतर गावात काहींनी म्हटलं की भाषा कळली नाही म्हणून झालं. भाषा कळली होती.

मी चौथी शिकले. घरी आमची अहिराणी. शाळेत गेल्यावर कळलं की आपण बोलतो ती भाषा नाही, चूक आहे. "मन्हा बाप घर शे" म्हटलं की गुरुजी छडी मारायचे आणि "माझे वडील घरी आहेत" म्हणायला लावायचे. बाप तोच, घर तेच, आणि बाप घरी असला तरी वाक्य बदलल्यानं काही सुधारत नव्हता. पण एकच गोष्ट दोन तऱ्हांनी मांडता येते आणि त्यातल्या एका तऱ्हेला मार पडतो, हे मी तेव्हाच शिकले. सत्तरीला टेकल्यावर तिसरी तऱ्हा शिकायला घेतली. या वेळी छडी नव्हती, म्हणून असेल, बरी जमली.

शिकण्याचं कारण प्रेमबीम नव्हतं. लग्न तिकडेच झालं. त्यानंतर दर रविवारी फोनवर विहीण दिसायची. ती हसायची, मी हसायचे. ती हात हलवायची, मी हलवायचे. रेल्वे फाटकावर उभं राहून गाडीतल्या माणसांना हात करतात तशा आम्ही दोघी म्हाताऱ्या. मग ती मान वळवून लेकीशी भराभर काहीतरी बोलायची आणि लेक हसायची. ती माझ्या तोंडावर माझ्याबद्दल काय बोलते, एवढंच मला कळून घ्यायचं होतं. कळायला लागल्यावर कळलं की ती माझ्याबद्दल काहीच बोलत नव्हती. तिच्या गुडघ्यांबद्दल बोलत होती. तोवर निम्मी भाषा येऊन गेली होती, म्हणून सोडली नाही.

मुलानं आधी व्याकरणाच्या पुस्तकातल्या तक्त्यांचे फोटो पाठवले. मी ते उघडून पाहिले आणि मिटले. मग सून रोज एक वाक्य बोलून पाठवायला लागली. पहिलं वाक्य: मांजर टेबलाखाली आहे. इल गात्तो ए सोत्तो इल तावोलो. दुसऱ्या दिवशी मांजर टेबलावर. मग खुर्चीजवळ, मग दारामागे. त्या मांजरानं अख्खा पावसाळा काढला. शेवटी मी मुलाला फोन केला.

"तुन्ही बायकोले सांग, आपला घरमा टेबल नही, आनि मांजर उनी तर मी हाकली देस. माले कामनं वाक्य जोयजे."

"माय, आधी सोपं शिकतस," तो म्हणाला.

"मांजर सोपं नही. म्हैस सोपी."

तेव्हापासून कामाची वाक्यं यायला लागली. गॅस संपला. पाणी आलं. म्हैस आता दूध देत नाही: ला बुफाला नॉन फा प्यू लात्ते. हे वाक्य मला पाठ व्हायला वेळच लागला नाही, कारण ते त्या महिन्यात खरं होतं. खरं वाक्य लवकर पाठ होतं, हे मला शाळेत कोणी सांगितलं नव्हतं. शाळेत आम्ही कमळ बघ, छगन बघ करत होतो.

एकदा तिनं पाठवलं, ए आंदाता विया ला लूचे. लाईट गेली. मी ते पुन्हा पुन्हा ऐकलं. आपण म्हणतो तसंच! दिवा विझला नाही, वीज बंद झाली नाही, लाईट गेली, उठून कुठेतरी गेली. आणि लाईट त्यांच्याकडेही बाईच, म्हणून आंदाता, 'गेली'. पुरुष असता तर आंदातो, 'गेला'. पण खाल्लं म्हणायचं तर पुरुषानं खाल्लं काय नि बाईनं खाल्लं काय, एकच. आपल्यासारखंच हेही. जाण्यात बाई-पुरुष वेगळे, खाण्यात सारखे. व्याकरणात, म्हणजे. आमच्या घरात खाण्यात पुरुष आधी, आणि जाण्यात कोणाचा नंबर आधी ते कोणालाच माहीत नाही.

काही गोष्टी मात्र त्यांच्या उलट्या आहेत. आपल्याला भूक लागते. त्यांच्याकडे भूक असते, ओ फामे, जशी कोणाकडे दोन एकर कोरडवाहू असते. वयसुद्धा आपल्याला होतं, त्यांच्याकडे असतं. माझ्याकडे सत्तर वर्षं आहेत, असं मी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा मला उगाच श्रीमंत वाटलं. 'मी प्याचे' मात्र सरळ 'मला आवडतं', काना-मात्रेचा फरक नाही. तू त्यांच्याकडेही तूच. आणि मान द्यायचा असेल तर समोरच्याला 'लेई' म्हणायचं. लेई म्हणजे 'ती'. समोर मिशीवाला सरपंच बसला असला तरी मान द्यायचा तर तो 'ती'. हे मी आमच्या जावेला सांगितलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून इतकी हसली की ठसका लागला.

ही जाऊ म्हणजे माझी थोरली जाऊ. मी तिला आक्का म्हणते. शेतं वाटून झाली तरी बांध एकच आणि शब्द तिचाच. तिच्या हातचं जेवून गेलेला माणूस अर्ध्या पोटी गेला असं कधी झालं नाही. तिचा नियमच होता. पाहुणा पहिल्यांदा नाही म्हणतो ती लाज, दुसऱ्यांदा म्हणतो ती रीत, तिसऱ्यांदा म्हणतो तेव्हा त्याच्या ताटात वाढून झालेलं असतं. खरोखर नको असेल तर दोन्ही हातांनी ताट झाकायचं. तेवढं एकच 'नाही' खरं, बाकी सगळी 'नाही' म्हणजे 'वाढ'.

विहीण आल्यावर मी तिला पहिलं हे शिकवलं. स्टेशनवरून येताना मिरचीच्या पथाऱ्या लागल्या, लाल मिरची मैदानभर पसरलेली. विहीण शिंकून शिंकून लाल झाली, तरी "मी प्याचे" म्हणाली. मी मनात म्हटलं, हिला बजावायला हवं, ही सगळ्यालाच आवडलं म्हणते. घरी बसवून माझ्या मोडक्या इटालियनमध्ये सांगितलं, इथे तोंडानं नाही म्हणून कोणी ऐकत नाही, हातानं म्हण. तिनं रिकाम्या ताटावर दोन्ही हात ठेवून दाखवले. मी म्हटलं, बरोबर. तिला ती गंमत वाटली. फोटो काढून घेतला.

दाणे विहिणीला विष आहेत, हे आक्काला मी अहिराणीत सांगितलं, म्हणजे कळायला अडचण नको.

"आक्का, इहीनले दाणा चालत नही. दाणा तिले इख शे."

"इख? आते दाणाबी इख व्हयी गया का?"

"तिले शे."

"बरं वं," ती म्हणाली. तिच्या बरं वं चा अर्थ मला चाळीस वर्षं माहीत होता, तरी मी तो त्या दिवशी बरं असा घेतला.

हिवाळ्यात आमच्याकडे शेतात भरीत करतात. कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाळ करून त्यात वांगी भाजायची, सोलून लाकडाच्या खोलगट बडगीत ठेचायची. त्यात मिरची, लसूण, कांद्याची पात आणि दाणे. दाणे नसले तर आमच्या माणसाला ते भरीत वाटत नाही, आजाऱ्याचं जेवण वाटतं. मी विहिणीसाठी वेगळं भरीत केलं. वेगळी बडगी, वेगळी कढई, वेगळं तेल. वर झाकण घालून ते पंगतीजवळ ठेवलं आणि पुऱ्या तळायला चुलीशी बसले. चूल बांधाच्या पलीकडे होती, जेवायला बसलेल्या बायका आंब्याखाली.

विहीण साडी नेसून आली होती. खांद्याला तिची पिशवी. आक्काला ते बघवेना. पाहुणीनं ओझं वाहायचं? तिनं पिशवी खांद्यावरून उतरवून घेतली आणि स्वतः नेऊन गाडीत ठेवली. गाडी तेव्हा समोरच उभी होती, म्हणून विहीण काही बोलली नाही. मग कोणीतरी म्हटलं, जिलेबी राहिली. मुलगा आणि सून गाडीत बसून निघाली.

पुढचं मला आक्कानंच सांगितलं, म्हणून खरं धरते. तिनं माझं झाकण उचललं. आत बिनदाण्याचं भरीत, पांढरट, पचपचीत. बाकीच्या बायका बघत होत्या. तिला शरम वाटली. वाटणीनंतर विहिणीला दाणे घालायला सुद्धा धाकटीच्या घरात काही उरलं नाही, असं लोकांनी म्हणायचं? ती म्हणाली, "इहीनले बिनदाणास्नं भरीत? लोके काय म्हनतीन?" आणि स्वतःच्या बडगीतलं भरीत घेऊन विहिणीच्या पुढ्यात बसली.

आता मला चुलीपाशी ऐकू यायला लागलं. विहीण म्हणाली, "नो, ग्राझिये." बायका हसल्या. विहीण म्हणाली, "नॉन पॉस्सो." मला नाही चालणार. त्यांचं 'नाही' वाक्याच्या तोंडाशीच असतं, शेवटपर्यंत थांबावं लागत नाही. आक्का मात्र तोंडाशीही थांबली नाही आणि शेवटीही नाही.

"नही नही करी ऱ्हायनी. किती लाजस माय!"

मी झारा घेऊन उठले. "आक्का, नही! तिले नही चालत!" मी ओरडले. आक्कानं हात हलवला, बस गं तू तळत, असा. मी शिकवलं होतं तसं विहिणीनं केलं, दोन्ही हात ताटावर पालथे घातले. अगदी बरोबर केलं. एखादी सासुरवाशीणही इतकं बरोबर करत नाही. बायकांनी कौतुकानं टाळ्या वाजवल्या. आणि ताट झाकलेलं बघून आक्कानं घास उचलला.

"येक घास मन्हा हातना!"

विहिणीनं पुन्हा नाही म्हणायला तोंड उघडलं. आमच्यात विहिणीला घास भरवतात. उघडं तोंड मिळालं तर अजिबात सोडत नाहीत.

विहिणीनं तो लगेच थुंकला. बायकांना वाईट वाटलं, आक्काला सर्वांत जास्त. मी बांध ओलांडून पोचले तोवर तिच्या मानेवर लाल चट्टे उठले होते. त्यातलं काही गिळलं गेलं होतं की नाही, तिलाच माहीत नव्हतं. मग ओठ. मग ते पूर्ण वाक्य.

एकीनं लिंबू आणा म्हटलं. एकीनं कांदा फोडून नाकाला लावला. तिसरी भगताला बोलवायला निघाली. कोणी तांब्या तोंडाशी नेला, तो मी झटकला. विहीण माझा हात घट्ट धरून म्हणाली, "बोर्सा. माक्किना." पिशवी. गाडी. आता वाक्य करायला तिच्याकडे श्वास नव्हता, नुसते शब्द उरले होते.

मुलाला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला, तेव्हा लागला.

"गाडी फिराव. इहीनना गळा दाटी ऱ्हायना. पिशवी तुन्हा गाडीमा शे."

तो कुठे आहे विचारलं नाही, त्यानंही काही विचारलं नाही. मागे सुनेचा आवाज आला आणि फोन बंद झाला. गाडी रस्त्यावरून यायची आणि शेताकडची वाट, गाडी गेल्यावर पाट फुटून, चिखलाची झाली होती. ती आत अडकली असती. आमचा सालदार कापसाची गोणी भरत होता. त्याला म्हटलं, सगळं सोड, ट्रॅक्टर काढ. विहिणीला ट्रॉलीत गोण्यांना टेकवून बसवलं. एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं आक्का. आक्काला चढू नको म्हणायला वेळ नव्हता.

ट्रॅक्टर हलला. विहिणीचे डोळे मिटायला लागले. डोळे मिटू द्यायचे नाहीत, एवढंच मला कळत होतं. धीर धर, कसं म्हणतात ते मला येत नव्हतं. तो धडा आला नव्हता. घाबरू नको, हाही नाही. सुनेनं मला मरणाबद्दल एकही वाक्य पाठवलं नव्हतं. मग होतं ते बोलले, तिच्या कानाशी, ओरडून. मांजर टेबलाखाली आहे. गॅस संपला. लाईट गेली. म्हैस आता दूध देत नाही. तिनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा म्हैस सांगितली.

"काय सांगी ऱ्हायनी तू तिले?" आक्का रडत रडत म्हणाली.

"म्हैस आटनी म्हनून."

"आते? म्हैस?"

"तुले दुसरं काय येस का? नही ना? मंग चूप बठ आनि तिनं डोकं धर."

ती गप्प बसली. मला आठवतं त्यात एवढ्या वर्षांत आक्का पहिल्यांदा माझ्या शब्दावर गप्प बसली, आणि मला त्याचा काही आनंद घेता आला नाही. विहिणीच्या छातीतून आता शिट्टीसारखा आवाज येत होता. माझी सगळी वाक्यं संपली. मी पहिल्यापासून सुरू केली.

पाटाच्या पुलाशी गाडी भेटली. ती उभी राहायच्या आधीच सून उतरली होती. तिनं पिशवी सगळी रस्त्यावर उलटी केली, नळीसारखी सुई उचलली, ट्रॉलीत चढली आणि नव्या साडीवरूनच आईच्या मांडीत खुपसली. तशीच धरून ठेवली.  ज्या मुलीकडून मी एवढी भाषा शिकले, ती त्या वेळी कुठल्याच भाषेत बोलली नाही.

तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तिथे आणखी इंजेक्शन दिलं, नाकाला नळी लावली, सलाईन लावलं. डॉक्टर पोरगेलासा होता. म्हणाला, आणलं ते बरं झालं, सुई दिली ते जास्त बरं झालं. दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून घेतलं.

सकाळी आक्का डबा घेऊन आली. मी दारातच अडवलं. डब्यात खिचडी होती, दाण्याच्या तेलात फोडणी दिलेली, तिला ते सुचलंच नव्हतं. डबा मी काढून घेतला आणि पायरीवर बसून खाल्ला, उपाशीच होते. खिचडी चांगली झाली होती. आक्का म्हणाली, नजर लागली हो, इतकी गोरी बाई शेतात बसवायला नको होती. मी म्हटलं, नजर नही, दाणा. 

मग ती आत गेली आणि खाटेपाशी हात जोडून उभी राहिली. विहिणीचा चेहरा अजून सुजलेला, आवाज घोगरा. ती माझ्याकडे बघून म्हणाली, हिला सांगा, पुन्हा कधी माझ्या ताटाला हात लावायचा नाही. मी ते जसंच्या तसं सांगितलं. मऊ करून सांगता आलं असतं. केलं नाही.

आक्कानं मान डोलावली. "सांग तिले, नही लावत." आणि मग म्हणाली, "काही खाई का ती आते? इचार."

मी विचारलं. विहिणीनं पांघरुणावर दोन्ही हात पालथे ठेवले. आक्का तिथून निघाली, ती सरळ बसस्टँडवर.

गावात या गोष्टीच्या दोन तऱ्हा झाल्या. एक, माझ्या इटालियननं विहिणीला वाचवलं. दुसरी, माझ्या इटालियननंच घात केला, कारण मी नीट समजावून सांगितलं नाही. दोन्ही सांगणाऱ्या बायका तिथे आंब्याखाली बसून टाळ्या वाजवत होत्या. वाचवलं ते सुईनं, आणि सुई टोचली सुनेनं. मी फक्त वाक्यं बोलले, आणि त्यातल्या एकातही सुई नव्हती.

आक्का पुढच्या उन्हाळ्यात गेली, झोपेत, आजार ना बिजार. त्या ट्रॉलीत आम्ही तिघी म्हाताऱ्या होतो. विहीण जिवंत आहे आणि मी जिवंत आहे.